खोबरेल थिजण्याआधी

भागुजी अख्खा भोपळा देत नाही.
"फोड घ्या बाई, पाव किलो. दोघींना सबंध काय करायचाय?"
दोघींना. म्हणजे त्याला कळलंय.
मी म्हटलं, कोरायचाय.
सुरीवरून अंगठा फिरवीत तो जरा थांबला
आणि गोणीखालून एक काढून दिला,
एका अंगानं चपटा,
वेलीवर असताना त्याच कुशीवर निजून तसा झालेला.

यंदा दिवाळी नाही आमच्याकडे.
चैत्रापासून वर्ष मोजायचं असतं, मोजतोय.
करंज्या येतील शेजारून, झाकलेल्या ताटलीतून,
पण कंदील नाही, उंबऱ्यात रांगोळी नाही.
इरावतीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,
"हॅलोविनला सुतक असतं का?"

सासूबाईंना फोन करून विचारण्यातलं नव्हतं हे.
कालनिर्णय पाहिलं: एकतीस ऑक्टोबर, नरक चतुर्दशी.
चौकटीत आणखी काही नव्हतं.

खालच्या मजल्यावरची फ्लोरी आंटी म्हणाली,
"पयला भोपला नव्हता गो, शलगम होता."
तिचा लेक तिकडे आयर्लंडात नर्स आहे.
तिथं म्हणे या सांजेला उन्हाळा संपायचा.
डोंगरावरची गुरं खाली आणायची,
पोसवतील तेवढी गोठ्यात,
बाकीची कापून मिठात.
घरोघरच्या चुली विझवायच्या
आणि टेकडीवरच्या एकाच मोठ्या जाळातून
विस्तव आणून पुन्हा पेटवायच्या.
मधल्या वेळात, चूल गार असताना,
गेलेले येत.
त्यांना वाट सापडावी म्हणून
(का चुकावी म्हणून, आंटीला नक्की आठवेना)
शलगम पोखरून आत निखारा.

का चुकावी म्हणून.
हे मी जिना चढताना दोनदा म्हटलं.

मरोळला कुठला डोंगर, कुठली गुरं.
खाली पार्किंगमध्ये एक धोबी पक्षी मात्र
आठवडाभर शेपटी हलवत फिरतोय,
कुठल्या बर्फातून उतरलाय कोण जाणे.
आमच्याकडे हिवाळा येतो तो न्हाणीघरातल्या फळीवर:
एका पहाटे निळ्या बाटलीतलं खोबरेल पांढरं होतं,
आणि हा बाटली काखेत धरून
उभ्याउभ्या चहा प्यायचा, तेल पातळ होईतो.
अजून थिजलेलं नाही. पंखा अजून चारवर आहे.

कटर त्याचाच घेतला.
पात्यावर गेल्या वर्षीच्या कंदिलाची खळ वाळलेली.
तो दर वर्षी उशीर करायचा,
शेजारचे कंदील लागले की याच्या काड्या बांधणं सुरू.
इरावतीनं डोळे काढले, एक मोठा झाला.
"राहू दे," म्हणाली, "बाबाचाही होता."
नव्हता. पण मी काही बोलले नाही.

संध्याकाळी बेल वाजवत पोरं आली,
कचऱ्याच्या काळ्या पिशव्या पांघरून.
त्यांना शेजारच्यांचीच शंकरपाळी वाटली.
सांगाडा झालेला बी विंगमधला मल्हार
वर बघून म्हणाला, "काकी, तुमचा कंदील कुठंय?"
मागून त्याच्या आईनं दंड धरून ओढला त्याला.
"येतोय," इरावती म्हणाली.

भोपळा खिडकीत ठेवला, आत पणती.
खिडकी दक्षिणेला आहे.
बिल्डरनं काढली तशीच आहे, मी मुद्दाम काही केलेलं नाही.
सगळ्या इमारतीत चांदण्या, षट्कोन, झिरमिळ्या,
आणि चौथ्या मजल्यावर हा एक दात पडलेला,
खालून पाहिलं तर कंदीलच वाटावा असा केशरी.

ती झोपल्यावर बसले तिथंच.
वाट सापडावी की चुकावी, काही ठरवलं नाही.
उठून न्हाणीघरातली बाटली आणली.
तेल पातळच होतं,
तरी काखेत धरून बसले थोडा वेळ.
पणतीच्या आचेनं भोपळ्याचं झाकण आतून शिजत होतं,
आणि घरभर, कितीतरी दिवसांनी,
काहीतरी रांधल्याचा वास.